चोवीस आणि साठ यांचं जुनं भांडण

मागच्या वर्षी घरात मोठा फोर-के टीव्ही आला. ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बांनी 'मुघल-ए-आझम' लावायला सांगितला. पंधरा मिनिटांत म्हणाले, "हा पिक्चर वाटत नाही रे, शूटिंग बघतोय असं वाटतं." चित्र तर काचेसारखं स्वच्छ होतं. मग बिघडलं काय? शोधत गेलो आणि टीव्हीच्या दुकानाऐवजी बोलपटांच्या काळात जाऊन पोहोचलो.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा फ्रेम, अठरा, वीस. जसा हात चालेल तसं. डोळा ते चालवून घेतो. दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांतली माणसं पुढे तुरुतुरु पळताना दिसू लागली, ती पळत नव्हती. नंतरची यंत्रं घाईत होती. बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. कान डोळ्याइतका उदार नाही. वेग जरा हलला की सूर हलतो, आणि फिल्म फार हळू सरकली तर तिच्या कडेला छापलेला आवाज नीट उमटत नाही. म्हणून अमेरिकेत मिनिटाला ९० फूट हा वेग पक्का झाला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला २४. या आकड्यात सौंदर्यशास्त्र काही नव्हतं, निव्वळ व्यवहार होता. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, झुबेदा पडद्यावर बोलली, वझीर मोहम्मद खानांचा फकीर गायला, आणि आपला सिनेमाही या चोवीसच्या शिस्तीत आला.

टीव्हीचं गणित मात्र विजेच्या तारेतून आलं. चित्राचा ताल विजेच्या वारंवारतेशी जुळला नाही तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला टीव्ही ६० चा. युरोपात ५०, आणि आपल्या दूरदर्शनचाही ५०. पन्नासवाल्यांनी सोपी वाट काढली: सिनेमा चोवीसऐवजी पंचवीसने पळवायचा. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटं आधी संपायचा आणि गाण्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या आसपास वर चढायचा. तक्रार फारशी कुणी केली नाही.

साठवाल्यांची अडचण मोठी होती. साठला चोवीसने नि:शेष भाग जात नाही, अडीच येतात, आणि अर्धं चित्र दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा अशी जोडणी केली. एक फ्रेम पडद्यावर ५० मिलिसेकंद थांबते, दुसरी ३३. माणूस बोलत बसला असेल तर काही कळत नाही. पण कॅमेरा महालाच्या खांबांवरून संथपणे सरकू लागला की खांब लंगडत चालतात.

जुन्या काचेच्या टीव्हीवर हे खपून गेलं. पडदा लहान, चित्र धूसर. आता ५५ इंची टीव्हीची रुंदी जवळजवळ १२२ सेंटीमीटर. एखादा खांब सात सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला गेला तर तो दर फ्रेमला सात मिलिमीटर उडी मारतो, आणि फोर-केमध्ये प्रत्येक उडी कोरीव दिसते. तपशील वाढला तसा दोषही उघडा पडला.

यावर टीव्ही कंपन्यांनी काढलेला इलाज मला रोगापेक्षा वाईट वाटतो. दोन फ्रेमच्या मधली चित्रं टीव्ही स्वतःच अंदाजाने तयार करतो आणि घुसवतो. हालचाल लोण्यासारखी होते, पण सिनेमा व्हिडिओवर चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसतो. अब्बांना दिसलं ते हेच. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायला सांगितलं. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. तो लावला की ही कारागिरी थांबते.

खरा इलाज साधा भागाकार आहे. १२० हर्ट्झच्या पडद्यावर चोवीसची प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवता येते. साठची दोनदा, तीसची चारदा. मात्र टीव्हीला जोडलेला बॉक्स आधीच सगळं साठमध्ये बदलून पाठवत असेल तर १२० चे पैसे पुष्कळदा वाया. बॉक्सच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट मूळ चित्रपटाशी जुळवण्याचा पर्याय असतो, तो बहुधा बंद ठेवलेला असतो. विक्रेता हे सांगत नाही. आम्हाला तरी सांगितलं नव्हतं.

दोन्ही सेटिंग बदलायला मला चार मिनिटं लागली. अब्बांनी पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला.