दोलायमान राज्ये, अमेरिकेतील
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्यांचा कौल रिपब्लिकन वा डेमोक्रॅटिक यांपैकी कोणत्याही पक्षाकडे झुकू शकतो अशी राज्ये. वृत्तपत्रांतील रूढ नाव ‘स्विंग स्टेट्स’. अध्यक्षाची निवड ५३८ निर्वाचक करतात आणि विजयासाठी २७० मते लागतात. हे निर्वाचक कसे नेमायचे, ते राज्यघटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले आहे. मेन व नेब्रास्का वगळता सर्व राज्ये आघाडीच्या उमेदवाराला आपले सगळे निर्वाचक देतात. दोलायमान राज्यांचे वजन वाढले ते घटनेमुळे नव्हे, राज्यांनी स्वतः केलेल्या या नियमामुळे. २०२० साली कॅलिफोर्नियात डोनाल्ड ट्रम्प यांना साठ लाखांवर मते पडली, निर्वाचक एकही मिळाला नाही. तेथे आणखी लाखभर मते मिळाली काय किंवा गेली काय, निकाल तोच राहतो. साहजिकच प्रचाराचा पैसा आणि उमेदवारांचे दौरे पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिनकडे वळतात.

याचे परिणाम गंभीर आहेत. २००० साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, तरी फ्लोरिडातील ५३७ मतांनी जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन सुमारे २८ लाख मतांनी पुढे होत्या. वर उल्लेखिलेल्या तीन राज्यांतील एकूण ७८ हजारांहूनही कमी मतांच्या आघाडीने ट्रम्प जिंकले. २०२० साली तर जो बायडेन यांची देशव्यापी आघाडी सत्तर लाखांची होती. पण ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन त्यांनी मिळून सुमारे ४३ हजार मतांनीच राखली. ती तिन्ही गेली असती, तर २६९–२६९ अशी बरोबरी होऊन निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती, आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते.

या पद्धतीमुळे छोट्या राज्यांना संरक्षण मिळते, असे समर्थक म्हणतात. निर्वाचकांच्या वाटपात त्यांना थोडे झुकते माप मिळते, हे खरे. परंतु वायोमिंगसारख्या छोट्या, एकतर्फी राज्यात उमेदवार क्वचितच फिरकतात, आणि १९ निर्वाचकांचे पेनसिल्व्हेनिया काही छोटे नव्हे. २०२४ साली ट्रम्प यांनी त्या वर्षी दोलायमान मानली गेलेली सातही राज्ये जिंकली व देशव्यापी मतांतही ते पुढे राहिले. तेव्हा तक्रारीला जागा कुठे, असा दुसरा आक्षेप. एका निवडणुकीत दोन्ही निकाल जुळले, म्हणून इतर राज्यांतील मतदाराचे वजन वाढत नाही. दोलायमान राज्यांची यादी बदलती असते, हा आक्षेप अधिक सबळ आहे: ओहायो व फ्लोरिडा त्यातून गळली, जॉर्जिया व ॲरिझोना आली. मात्र त्याने लाभार्थी बदलतात, रचना तशीच राहते. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९६९ साली प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने संमत केली होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये ती अडवली गेली.