हरित शासकीय इमारती, महाराष्ट्रातील
ऊर्जा, पाणी व बांधकाम साहित्य काटकसरीने वापरणाऱ्या सार्वजनिक इमारती. ‘टेरी’ संस्था आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने विकसित केलेली ‘गृहा’ मानांकन पद्धती 2007 पासून देशात रूढ झाली. एक ते पाच तारे दिले जातात. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने 2014 मध्ये नव्या शासकीय इमारतींना ‘गृहा’चे निकष लागू केले. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तीन, चार व पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे 3, 5 व 7 टक्के वाढीव चटईक्षेत्राची सवलत आहे. धाराशिव जिल्ह्यातील येडशीसारख्या अवर्षणप्रवण गावांत पाण्याचा निकष सर्वांत मोलाचा : 100 चौ. मी. छतावर 10 मिमी. पाऊस पडला, की सुमारे 1,000 लिटर पाणी पन्हाळीतून गाळणखड्ड्यात आणि तेथून विंधन विहिरीत सोडता येते.