लेडी हार्डिंग कोण होत्या?

खामगाव-शेगावकडची बाई बाळंतपणात अडली की 'अकोल्याला हलवा' म्हणतात. तिथलं जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी 'लेडी हार्डिंग'च आहे. अमरावतीचं तसंच 'डफरीन'. बैठकांमध्ये आम्ही बायांना विचारतो, ही लेडी कोण होती? उत्तर येतं, 'असंल कोणी मोठी डॉक्टरीण!'

दोघीही डॉक्टर नव्हत्या. त्या व्हाइसरॉयच्या बायका. हॅरिएट रोवन-हॅमिल्टन अर्ल ऑफ डफरीनची पत्नी, म्हणून काउंटेस. विनिफ्रेड स्टर्ट बॅरन हार्डिंगची पत्नी, म्हणून लेडी. इंग्रज सरदारी बापाकडून मुलाकडे जाते आणि बाईला ती बहुधा लग्नाने मिळते. दवाखान्यावर नाव लागलं तेही नवऱ्याचंच. जन्माने पायरी ठरवणं आपल्याला नवं नाही. पण तिथे राजा एखाद्याला नव्याने वर चढवू शकत असे. हार्डिंग स्वतः १९१० साली बॅरन झाले. जातीत तेवढीही फट नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून १८८५ मध्ये काउंटेसबाईंनी फंड उभारला. राजेरजवाड्यांनी, शेठसावकारांनी वर्गण्या दिल्या. त्यातून स्त्री डॉक्टर, परिचारिका, जनाना दवाखाने उभे राहिले. हे काम मोठं होतं, ते नाकारण्याचं कारण नाही. पण डोळ्यांसमोर मुख्यतः कोण होतं? परपुरुष डॉक्टरला हात दाखवू न शकणारी पडद्यातली बाई. दुसऱ्याच्या वावरात उन्हात वाकणाऱ्या आमच्या पणज्यांना पडदा परवडणारा नव्हता.

त्यांची बाळंतपणं सुईण करायची. सवर्णांच्या घरीही अनेक ठिकाणी हे काम मांग-महारांच्या बायांकडे असे. एरवी जिची सावली चालत नव्हती, तिचाच हात बाळाला पहिला लागायचा. रक्त आणि नाळ 'विटाळाची', म्हणून ते काम तिच्याकडे. मोबदला म्हणजे धान्य, जुनं लुगडं. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ वेगळा फंड काढला. साहेबी अहवालांत या दाया अडाणी, घाणेरड्या ठरल्या. त्यांना घाणीचंच काम कोणी वाटून दिलं, हा प्रश्न तिथे आला नाही. सुईणीच्या नावाचा दवाखाना आम्ही अजून पाहिलेला नाही.

दान आणि हक्क यांतला फरक इथेच आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. (विधेयक त्यांनीच मांडलं, अशा पोस्ट फिरतात, तसं नाही.) बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. कामगार बाईला आता कोणा लेडीच्या दयेची गरज उरली नाही.

पण तो कारखान्यातल्या बाईचा कायदा होता. १९६१ च्या कायद्यातही रोजाने वावरात जाणारी बाई बसत नव्हती. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहून दिला. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली ती पहिल्या बाळापुरती, ५,००० रुपयांची.

आमच्या गेल्या बैठकीला एक बाई उशिरा आली. आठवा महिना होता आणि ती निंदणीवरून थेट आली होती.