टेम्पलसाहेबांचा एक पौंड

मुलाने मनगटावर बांधायचा पट्टा घेऊन दिला, तेव्हापासून रोज सकाळी अंबाझरीच्या काठाने पन्नास मिनिटे चालून आलो की तो १९० कॅलरी जळाल्याचे सांगतो. नाडीचे ठोके, हाताची हालचाल, वय, वजन यांवरून बांधलेला अंदाज. माझे वजन ७० किलो. त्यातल्या ५८ कॅलरी तर मी अंथरुणात लोळत पडलो असतो तरी गेल्याच असत्या!

श्रमाला अन्न किती लागते, या अंदाजावर एकदा लाखोंचे जगणे टांगले होते. आणि तो बांधणारा गृहस्थ आम्हा नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. १८६३चा आमचा अजब बंगला सर रिचर्ड टेम्पल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असतानाचा. पुढे १८७४च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगवली, आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली. १८७७ साली दख्खन-मद्रासच्या दुष्काळावर त्यांना धाडले, तेव्हा ते हात आखडूनच आले. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाची मजुरी ठरली एक पौंड धान्य आणि एक आणा. बाईला, मुलाला त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी असो की तांदूळ, कॅलरी भरतात सुमारे साडेपंधराशे. डाळ, मीठ-मिरची, सरपण त्या आण्यात.

आता खडी फोडणारा ४५ किलोचा गडी घ्या. विश्रांतीत किलोमागे तासाला एक कॅलरी, हा ढोबळ हिशेब. खडी फोडताना त्याच्या साडेचारपट धरली आणि काम नऊ तास, तर १,८०० वर जातात. उरलेल्या पंधरा तासांचे ८०० धरा. बेरीज २,६००. हजाराची तूट कुठून भरायची? अंगावरच्या मांसातूनच. आणि ते दुष्काळात आधीच झडलेले.

कॅलरीची भाषा तेव्हा सरकारी कागदांत नव्हती, हे खरे. पण म्हणून टेम्पलना सूट देणे मला पटत नाही. श्रम करणाऱ्याचा श्वास मोजून त्याची झीज काढण्याचे प्रयोग एडवर्ड स्मिथ यांनी लंडनच्या तुरुंगात १८५०च्या दशकातच केले होते. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश तर तोंडावर सांगत होते की कष्टकऱ्याला दीड पौंड धान्य आणि वर डाळ-भाजी हवी. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले.

मद्रासने त्याच वर्षी शिधा सव्वा पौंडावर नेला आणि वर थोडी डाळ दिली. टेम्पलही त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.