तोरणाचं पान लोकलने येतं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कल्याण स्टेशनबाहेर आंब्याचे डहाळे मिळतात. मागच्या वर्षी मी दहा रुपयांसाठी घासाघीस केली. मावशी म्हणाल्या, "रात्री तोडलेत बाळा, ओल्या गोणपाटात गुंडाळून कसाऱ्याहून आणलेत." मी गप्प.

ही वाट जुनी आहे. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. रानातली पानं शहराच्या दाराशी आली ती याच रुळांवरून.

पण प्रवासात टिकतं ते जून पानच. त्यावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पाणी हळूहळू उडतं. कोवळं तांबूस पान मात्र संध्याकाळपर्यंत मान टाकतं.

म्हणून घेताना गर्द हिरवं, कडक पान बघा. घरी आल्यावर देठ तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि डहाळी सावलीत पाण्यात उभी ठेवा. पंख्याखाली नको. तोरण ओवायचं ते सकाळी.

मावशींनी रात्रभर जपलेलं पान आपणही दोन दिवस जपू शकतो ना? आणि हो, यंदा मी भाव करणार नाहीये.