मुलं तयार होती, मास्तर शोधावे लागले : स्काऊट पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसांचा थोडा इतिहास

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "आपल्या शाळेत स्काऊट-गाईड आहे ना?" खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ, शेकोटी, खरी कमाई, हे सगळं आपल्या पोराला मिळावं असं प्रत्येकाला वाटतं. वाटायलाच हवं. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, की हे पथक चालवणार कोण? आजची पोस्ट त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे. जरा लांब आहे, पण वाचा. कारण हा प्रश्न आपल्या गावात नव्याने आलेला नाही, तो चळवळीच्या जन्मापासूनचा आहे.

सुरुवातीपासून बघू. ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं महागड्या खाजगी शाळांतली, काही जवळच्या गावांतल्या कामगारांच्या घरची. श्रीमंतांच्या मुलांना एक पौंड फी, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. मुलांचे छोटे संघ केले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला. प्रयोग जमला. जानेवारी 1908 पासून 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक पंधरवड्याला एक असं सहा भागांत, चार पेन्सला एक भाग, विकायला आलं.

पुढे जे झालं ते बेडन-पॉवेल यांच्या हिशोबात नव्हतं. त्यांना वाटलं होतं की मुलांच्या ज्या संघटना आधीपासून चालू आहेत त्या हे पुस्तक वापरतील. पण पुस्तक पोरांनीच विकत घेतलं. गल्लीतल्या सात-आठ जणांनी मिळून संघ केला, काठ्या जमवल्या, नायक निवडला आणि मग मोठ्या माणसाच्या शोधात निघाले. कुणी चर्चमधल्या पाद्र्याला गाठलं, कुणी शिक्षकाला, कुणी ओळखीच्या तरुणाला. "आमचे स्काऊटमास्तर व्हाल का?" म्हणजे ही चळवळ सुरूच झाली ती मुलं जास्त आणि मोठी माणसं कमी या स्थितीत. सप्टेंबर 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा झाला तेव्हा अकरा हजारांच्या आसपास मुलं जमली होती. त्यात काही मुलीही आल्या आणि आम्हीपण स्काऊट आहोत म्हणाल्या. मग 1910 मध्ये गर्ल गाईड्स उभी राहिली, आणि आता बायकांमधून नेतृत्व करणाऱ्या शोधायचं कामही आलं.

या हौशी मोठ्यांपैकी बहुतेकांना कसलंही प्रशिक्षण नव्हतं. पुस्तक वाचायचं आणि रविवारी पोरांना घेऊन निघायचं. त्याची किंमत 1912 मध्ये कळली. लंडनच्या वॉलवर्थ भागातलं, म्हणजे कामगार वस्तीतलं, एक पथक होडीने थेम्स नदीतून लेसडाउनच्या किनाऱ्यावरच्या शिबिराला निघालं होतं. 4 ऑगस्टला किनारा जवळ आलेला असताना वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि होडी उलटली. स्काऊटमास्तर सिडनी मार्श आणि बरोबरच्या मोठ्यांनी जमेल तितक्या मुलांना वाचवलं, पण 9 मुलं बुडाली. त्यांचे मृतदेह लंडनला आणायला नौदलाचं जहाज पाठवलं गेलं. तेव्हा नौदल खात्याचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. ननहेडच्या दफनभूमीत या मुलांना पुरलं तेव्हा अख्खं लंडन हळहळलं.

इथे थांबून त्या मास्तरांच्या जागी स्वतःला उभं करून बघा. पगार नाही. आठवडाभर स्वतःची नोकरी. सुट्टी मिळाली ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी घालवली. आणि एका झोताने आयुष्यभराचं ओझं. स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. काम हौसेचं असतं, पण जबाबदारी पूर्णवेळ नोकरदारापेक्षा कमी नसते.

आपल्याला हे परकं नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ते स्काऊट नव्हते, कॉलेजची मुलं होती, पण बरोबरच्या मोठ्यांसमोरचा प्रश्न तोच होता. त्यानंतर सहलींवरचे निर्बंध वाढले, आणि बऱ्याच शिक्षकांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं की नकोच ती सहल आणि नकोच ते शिबिर. नियम हवेतच. पण माणूस एकटा पडला की तो नियम पाळण्यापेक्षा कार्यक्रमच रद्द करतो, हेही तितकंच खरं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडमधले तरुण स्काऊटमास्तर हजारोंनी आघाडीवर गेले. अनेक परत आलेच नाहीत. संघपद्धतीवर ज्यांचं पुस्तक आजही सांगितलं जातं ते रोलंड फिलिप्स जुलै 1916 मध्ये सोमच्या लढाईत पडले. मागे राहिलेली पथकं कुणी चालवली? काही ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांच्या संघनायकांनी, काही ठिकाणी बायकांनी. 1916 मध्ये लहान मुलांसाठी कब विभाग सुरू झाला, त्यात व्हेरा बार्कले यांच्यासारख्या स्त्रियांचा हात मोठा होता. पुरुष मास्तर नाहीत म्हणून चळवळ बंद पडेल ही भीती खोटी ठरली. मुलांवर टाकलेली जबाबदारी मुलांनी पेलली.

युद्ध संपल्यावर बेडन-पॉवेल यांनी मोठ्यांच्या प्रशिक्षणाकडे नीट लक्ष दिलं. लंडनजवळ गिलवेल पार्क इथे सप्टेंबर 1919 मध्ये स्काऊटमास्तरांचं पहिलं 'वुड बॅज' शिबिर झालं. मोठ्या माणसांना संघांमध्ये वाटलं, तंबूत झोपवलं, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायला लावलं. मुलांना काय वाटतं ते आधी तुम्ही अनुभवा, असा त्यामागचा विचार. आपल्याकडचे शिक्षक आजही 'बेसिक', 'ॲडव्हान्स' करत 'हिमालय वुड बॅज'पर्यंत जातात आणि पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राचं नाव काढतात, त्याचं मूळ हे.

स्काऊटमास्तरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात बेडन-पॉवेल यांनी एक मजेदार हिशोब दिला आहे. ते म्हणतात की मला स्वतःला सोळाच मुलांकडे नीट लक्ष देता येतं. इतर लोक माझ्या दुप्पट हुशार असतील असं धरून मी पथकाची मर्यादा बत्तीस ठेवतो! आता हा आकडा आपल्या शाळेतल्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गाशेजारी ठेवून बघा. चळवळ ज्यांनी काढली ते सोळावर थकत होते.

आता आपल्या देशात येऊ. भारतात स्काऊटिंग 1909 मध्ये बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी सुरू केलं, आणि 1911 मध्ये जबलपूरला मुलींचं गाईड पथक निघालं. पण हे सगळं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय पोरांना प्रवेश नव्हता. कवायत, माग काढणं, खुणेच्या भाषा, हे भारतीय मुलांना शिकवलं तर उद्या ती आपल्यावरच उलटतील अशी सरकारच्या मनात धास्ती होती.

मग आपल्या लोकांनी वाट बघितली नाही. शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांनी 1913 मध्ये पथक काढलं. 1916 मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 'इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन' काढली. डोक्याला हॅटऐवजी फेटा आणि ओठांवर भारतीय गाणी. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. हे कुंझरू म्हणजे नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे पुढे अनेक वर्षं अध्यक्ष राहिलेले गृहस्थ. मध्य प्रांतात नागपूरचे व्हिव्हियन बोस, जे नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यांनी स्काऊटिंगला वर्षानुवर्षं वेळ दिला. इतक्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस पोरांच्या शिबिरासाठी वेळ काढत होता, हे आज "वेळच मिळत नाही हो" म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या माणसांपुढे आणखी एक पेच होता. स्काऊटच्या वचनात राजाशी निष्ठा होती. देशात स्वातंत्र्याची चळवळ पेटलेली. मुलाला वचन द्यायला लावायचं ते कुणाशी? 1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत सामील झाली, पण सेवा समिती वेगळीच राहिली. 1937 च्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी जे उद्गार काढले त्यावरून मोठा संताप झाला आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. त्या काळात पथक चालवणाऱ्या मास्तरला एका बाजूने सरकार संशयाने बघे आणि दुसऱ्या बाजूने गावातले लोक "साहेबाची पोरं" म्हणून हिणवत. महाराष्ट्रात तर 1941 मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं आणि संध्याकाळच्या मैदानावर ध्येयवेड्या तरुणांना पर्याय मिळाला. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 ला, वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स झाली आणि 1951 मध्ये गाईड्स त्यात आल्या. वचनातला राजा गेला, देश आला. तो पेच सुटला.

पण एकीकरणानंतर आपल्याकडे चळवळ मुख्यतः शाळेत शिरली. फायदा असा झाला की गरीब मुलापर्यंत, जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत स्काऊट पोचला. तोटा असा की स्वयंसेवक जाऊन त्याच्या जागी 'नेमलेला' शिक्षक आला. मुख्याध्यापक म्हणतात, "सर, यंदा स्काऊट तुमच्याकडे." सर काय बोलणार? त्यांच्याकडे आधीच मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं आहे. तरीही कित्येक सर आणि मॅडम रविवार घालवून, पदरमोड करून मुलांना शिबिराला नेतात. त्यांना मनापासून सलाम. पण सक्तीने दिलेलं स्वयंसेवेचं काम किती दिवस मनापासून होईल, हा प्रश्न उरतोच.

आणि एक विषय, जो बोलायला अवघड आहे पण टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सनी मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या स्वयंसेवकांच्या फाइली अनेक दशकं गुप्त ठेवल्या. 2012 मध्ये कोर्टाच्या आदेशाने त्यातल्या बऱ्याच बाहेर आल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला, 82 हजारांहून जास्त लोकांनी आपल्यावर अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले आणि भरपाईची रक्कम सुमारे 2.46 अब्ज डॉलर ठरली. चांगल्या माणसांच्या हौसेवर सगळं सोडलं आणि तपासणी ठेवली नाही की काय होतं, ते यातून दिसलं. तिथे आता मुलांबरोबर कधीही एकटा मोठा माणूस नसतो, किमान दोन असतात. हा नियम मुलांना जपतोच, शिवाय प्रामाणिक स्वयंसेवकाला खोट्या संशयापासूनही वाचवतो. आपल्याकडे 2012 च्या पोक्सो कायद्याने तर अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा ठरवला आहे. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून झाकून ठेवायला कायद्यात जागा नाही.

मग आपण काय करायचं? इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात.

एक, शिबिराला, सहलीला दोन मोठी माणसं हवीतच, आणि दुसरा माणूस पालकांतून यावा. आळीपाळीने आलात तर वर्षातून एकदाच नंबर लागेल.
दोन, बत्तीसच्या वर मुलं असतील तर दुसरं पथक काढायचा आग्रह धरा, एकाच सरांवर शंभर पोरं टाकू नका.
तीन, सरांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रवासाचा खर्च त्यांच्या खिशातून होत असेल तर पालक-शिक्षक संघात तो विषय काढा.
चार, आणि हे सगळ्यात अवघड, तंबू वाकडा उभा राहिला तरी पोरांनाच उभारू द्या. ब्राउनसीवर संघनायक मुलंच होती आणि महायुद्धात पथकं मुलांनीच टिकवली. स्पर्धेत नंबर यावा म्हणून सगळं मोठ्यांनी केलं तर मुलाच्या हाती फक्त गणवेश उरतो.

1908 मध्ये लंडनच्या गल्लीतली पोरं मोठ्यांचं दार वाजवत फिरत होती. आपली पोरं तसं फिरणार नाहीत, त्यांना तेवढं सुचणारही नाही कदाचित. त्यामुळे या वेळी शाळेत पालकसभेला गेलात की "स्काऊट आहे का" एवढंच विचारून येऊ नका. "सरांना मदतीला कुणी हवं आहे का" हेही विचारा.

तुमच्या शाळेत किंवा वस्तीत पथक चालवणारे कुणी असतील तर त्यांना टॅग करा आणि त्यांच्या अडचणी त्यांनाच कॉमेंटमध्ये लिहू द्या. आपण वाचूया.