अन्नसुरक्षाविषयक ज्ञान व सवयी (नाशिकमधील विद्यार्थी)

अन्न निर्धोक कसे राहते याची माहिती, त्याविषयीची मनोवृत्ती आणि प्रत्यक्ष वागणूक या तिन्हींचा समावेश अन्नसुरक्षाविषयक ज्ञान व सवयी या विषयात होतो. अभ्यासक त्यांना अनुक्रमे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण असे म्हणतात. विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत एक अनुभव अनेक देशांत आला आहे: ज्ञान वाढले म्हणून आचरण सुधारतेच असे नाही. नाशिक शहरात ही तफावत समजून घेण्यासाठी विद्यार्थी कोठे राहतो, त्याचे जेवण कोण शिजवते आणि ते शिजल्यावर किती वेळाने त्याच्या ताटात पडते, हे पाहावे लागते.

संज्ञेचा घोटाळा

मराठीत ‘अन्नसुरक्षा’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी रूढ आहे. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ हा अन्नाच्या निर्धोकतेविषयीचा कायदा आहे, तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ हा स्वस्त धान्याच्या हक्काविषयीचा. पहिला पोटात जाणाऱ्या अन्नाच्या गुणवत्तेचा, दुसरा पोटाला अन्न मिळण्याचा. प्रस्तुत लेख पहिल्या अर्थाशी संबंधित आहे. तथापि घर सोडून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे दोन अर्थ फार काळ वेगळे राहत नाहीत.

पार्श्वभूमी

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) यांची मुख्यालये नाशिकला आहेत. शहरातील बहुतेक कला, विज्ञान, वाणिज्य व अभियांत्रिकी महाविद्यालये मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून गंगापूर रस्ता, कॉलेज रोड, पंचवटी या भागांत परगावच्या विद्यार्थ्यांची वस्ती दाट आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण अशा तालुक्यांतून, तसेच धुळे, नंदुरबार व जळगावकडून मुले येथे येतात.

परगावी शिकणाऱ्याच्या जेवणाचा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. त्या अन्नात मिंधेपणा असला तरी ते चुलीवरून थेट पानात येई. पुढे मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांच्या (स्थापना १९१४) वसतिगृहांनी सामूहिक भोजनाची सोय केली. आज वसतिगृहाची मेस, खासगी खानावळ, घरपोच डबा, सामाईक खोलीतील शेगडी आणि भ्रमणध्वनीवरून मागवलेले जेवण असे अनेक मार्ग एकाच विद्यार्थ्याच्या आठवड्यात येतात.

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. एप्रिल २०१८ मधील शासननिर्णयाने शहरांतील अशा वसतिगृहांत जेवण पुरवण्याऐवजी त्याची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले. त्याविरुद्ध जुलै २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. तो पोलिसांनी वाटेतच रोखला. रक्कम वेळेवर मिळेल काय आणि शिकत असताना रोज जेवण शोधत फिरायचे काय, हे त्यांचे प्रश्न होते. निर्धोकतेच्या दृष्टीनेही हा बदल लहान नव्हता. एका तपासता येण्याजोग्या स्वयंपाकघराची जागा रस्त्यावरच्या अनेक गाड्यांनी आणि खोलीतल्या अनेक शेगड्यांनी घेतली, की ‘काय खावे’ याचा निर्णय उरलेल्या पैशांवर ठरतो.

घरून आलेले ज्ञान

विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. शिळे, उष्टे, खरकटे, आंबलेले, विटलेले, नासलेले असे बारकाईचे शब्द मराठीत आहेत आणि प्रत्येकामागे एक नियम आहे. प्रवासाला भाकरी, दशम्या, कोरडी चटणी बांधून देण्याची रीत शास्त्रालाही धरून आहे. ओलावा कमी असल्याने त्या पदार्थांवर जिवाणू सहसा वाढत नाहीत. पण हे पारंपरिक ज्ञान दोन ठिकाणी अपुरे पडते. सोवळ्याची स्वच्छता आणि जंतूंपासूनची स्वच्छता एक नव्हे: पाण्याखालून काढलेला हात ‘धुतलेला’ मानला जातो, साबण लावून निदान २० सेकंद चोळलेला हात ही निराळी गोष्ट आहे. दुसरे असे की, अन्न बिघडले की नाही हे वासावरून ठरवले जाते. वास आणणारे जीव आणि आजार आणणारे जीव बहुधा वेगळे असतात. आजार घडवण्याइतके जंतू किंवा विष असलेले अन्न चवीला व वासाला अगदी चांगले असू शकते.

फोडणीचा भात

रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे ही खोलीवर राहणाऱ्यांची सर्वांत स्वस्त न्याहारी. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात व ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. भात पातेल्यात झाकून रात्रभर ओट्यावर राहिला, की तो सावकाश थंड होताना बीजाणू रुजतात आणि काही प्रकार उलटी घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. सकाळची खरपूस फोडणी जिवाणू मारील, विष मारणार नाही. ‘पुन्हा गरम केले म्हणजे झाले’ ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीत स्वच्छता, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवणे, पूर्ण शिजवणे, योग्य तापमान राखणे आणि शुद्ध पाणी व जिन्नस वापरणे यांचा समावेश आहे. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा टप्पा. नियम सोपा आहे, परंतु तो पाळायला शीतकपाट लागते आणि भाड्याच्या अनेक खोल्यांत ते नसते. अशा वेळी भात लागेल तेवढाच लावणे, किंवा उरलेला भात रात्रीच संपवणे, एवढाच व्यवहार्य उपाय राहतो. साडेबाराला आलेला डबा तास संपवून चार वाजता उघडणाऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे.

बाहेरचे खाणे

नाशिकची मिसळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उकळत्या रश्श्यामुळे तिचा मुख्य भाग तुलनेने निर्धोक असतो; प्रश्न असतो तो वरून घातलेल्या कच्च्या कांद्याचा आणि कोथिंबिरीचा, म्हणजे ती कोणत्या पाण्याने धुतली व केव्हा चिरून ठेवली याचा. पाणीपुरीत हा प्रश्न अधिक तीव्र, कारण तिचे पाणी उकळले जात नाही आणि त्यात विक्रेत्याचा हात बुडतो. वडापाव तेलातून तापून निघतो, पण पुष्कळदा वर्तमानपत्राच्या कागदात पडतो. शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरत असल्याने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच अशा कागदाविरुद्ध सूचना काढली होती.

पाण्याचा धोका केवळ गाड्यांपुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जाविकाराचे अनेक रुग्ण आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून पसरणारा जिवाणू सापडला आणि तेथील पाणीपुरवठा चर्चेत आला.

उपवासाची भगर

नाशिक हे भगर अर्थात वरई सडण्याच्या उद्योगाचे महत्त्वाचे केंद्र आहे. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी अशा दिवशी मेसमध्येही भगर होते. दमट हवेत तिच्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढून विषद्रव्ये तयार होऊ शकतात. राज्यात भगरीतून विषबाधेच्या घटना वारंवार घडल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे एकादशीचा प्रसाद खाल्ल्यावर शेकडो लोक आजारी पडले. पाकीटबंद व तारीख पाहून भगर घ्यावी, सुटे पीठ घेऊ नये आणि दळलेले पीठ साठवू नये, असा अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. उपवासाचे म्हणजे शुद्ध, या समजुतीमुळे येथे तपासणी नेमकी सैल पडते.

दोष कोणत्या जेवणाचा

आजारी पडल्यावर शेवटच्या जेवणाला दोष देण्याची सवय सार्वत्रिक आहे. ती अनेकदा चुकीची ठरते. स्टॅफिलोकॉकसच्या विषाने किंवा वर सांगितलेल्या भाताने होणारी उलटी १ ते ६ तासांत येते. साल्मोनेलाचा त्रास अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत, विषमज्वर साधारण एक ते तीन आठवड्यांनी आणि ‘अ’ प्रकारची कावीळ दोन ते सहा आठवड्यांनी प्रकट होते. सुट्टीत गावी गेल्यावर उमटलेली कावीळ महिन्यापूर्वीच्या शहरातील पाण्याची असू शकते, आणि घरच्या माणसांना मात्र ती गावच्या जत्रेची वाटते. एकाच मेसमधील अनेकांना एकाच सुमारास त्रास झाला तर मागील तीन दिवसांचे जेवण लिहून काढणे, उरलेले अन्न फेकून न देता झाकून शीतपेटीत ठेवणे आणि जलसंजीवनी देत डॉक्टरांकडे जाणे उपयुक्त ठरते.

खानावळ, मेस व घरगुती डबेवाले या सर्वांना २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी किंवा परवाना आवश्यक असून त्याचा क्रमांक १४ अंकी असतो. तो दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-२२२-३६५ हा आहे.